कै. डॉक्टर रखमाबाई

दुखणें अंगावर काढणें हा आपल्याकडे स्त्रियांचा एक गुणच मानला गेला आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांत तर त्याला अधिकच कारण घडलें. कर्ता पुरुष चाकरीसाठीं मुंबईस, आणि घर, शेत, गुरें, म्हातारीं माणसें व मुलें या सर्वांचा भार घरच्या बाईच्या डोक्यावर! तिनें आजारी पडावें तरी केव्हां? आणि पडली तरी सांगावें कोणास? अशा मुक्या दुखण्यांची दाद लागावी म्हणून ज्या महाराष्ट्रीय स्त्रीनें आपलें सारें आयुष्य वेंचिलें, त्या डॉक्टर रखमाबाईंचें अल्प चरित्र आम्ही येथें वाचकांस सादर करीत आहों.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं सुतार समाजांतील एका कुटुंबांत झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदीं लहान असतांनाच वारले. त्या समाजांत पुनर्विवाहाची चाल असल्यामुळें मातुःश्री जयंतीबाई यांनीं पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं विवाह केला. सखाराम अर्जुन हे नांवाजलेले डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ सालीं ज्या आठ गृहस्थांनीं केली त्यांपैकीं ते एक होत. अशा विद्वान् पुरुषाची छाया लाभणें ही त्या पोरक्या मुलीची मोठीच दैवरेषा म्हटली पाहिजे.

तथापि रूढीपुढें विद्वत्तेचेंही फारसें चाललें नाहीं. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी नांवाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशीं लावून देण्यांत आलें. मात्र कोंवळ्या वयांत मुलीवर संसाराचा भार पडल्यास तिच्या शरीराची कशी हानि होते, हें सखाराम अर्जुन डॉक्टर या नात्यानें जाणून होते. त्यांनीं तिला सासरीं धाडलें नाहीं. ती माहेरींच राहिली, आणि फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयांतून पुस्तकें आणून घरच्या घरीं अभ्यास करूं लागली. आपल्या शाळेच्या वाचनालयांतील पुस्तकांकडे पाठ फिरविणाऱ्या आमच्या बालमित्रांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी.

१८८४ सालीं दादाजींनीं पत्नी नांदावयास यावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत फिर्याद दाखल केली. ज्या विवाहास आपली समजून उमजून संमति नव्हती तो आपणांवर लादला जाऊं नये, असें रखमाबाईंचें म्हणणें होतें. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं निकाल त्यांच्या बाजूनें दिला; पण अपिलांत तो फिरला, आणि १८८७ च्या मार्च महिन्यांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं नांदावयास जाण्याचा, न गेल्यास सहा महिने कैद भोगण्याचा हुकूम केला. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. लोकमान्य टिळकांसारखे थोर पुढारीही त्यांच्या विरुद्ध पक्षास होते. अखेर १८८८ सालीं दादाजींस दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली व हा खटला मिटला.

या वादळांतून सुटका झाल्यावर एखादी स्त्री विसाव्याचा एक कोपरा शोधती. रखमाबाईंनीं कष्टांचा मार्ग निवडला. त्या काळीं पडदानशीन घरांतील स्त्री परक्या पुरुषासमोर येत नसे. डॉक्टर आला तरी पडद्याबाहेर बसे; दुखणें काय तें पति किंवा सासू सांगे, आणि त्यावरून औषधयोजना होई. जिचें शरीर दुखे तिचा शब्द मात्र कोणाच्या कानीं पडत नसे! हें ओळखून मुंबईंत स्त्रिया व मुलें यांसाठीं कामा हॉस्पिटल काढण्यांत आलें. तें १८८६ सालीं सुरू झालें. तेथील डॉ. एडिथ पीची या इंग्रज बाईंनीं रखमाबाईंस उत्तेजन दिलें, आणि १८८९ सालीं त्या वैद्यविद्या शिकण्यासाठीं विलायतेस गेल्या.

स्त्रीनें डॉक्टर व्हावें ही कल्पना त्या काळीं साऱ्या जगांतच नवी होती. ज्या वर्षीं रखमाबाई जन्मल्या त्याच वर्षीं, म्हणजे १८६४ सालीं, अमेरिकेंतील बोस्टन शहरीं रिबेका ली (पुढें क्रम्प्लर) या बाईनें वैद्यकीय पदवी संपादन केली. अमेरिकेंत असा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णी स्त्री होय. यादवी युद्ध संपल्यावर रिचमंड शहरीं जाऊन तिनें गुलामगिरींतून नुकत्याच मुक्त झालेल्या निराधार लोकांची शुश्रूषा केली, आणि १८८३ सालीं माता व परिचारिका यांच्याकरितां एक ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडील आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंतच पदवी मिळविली, परंतु दुसऱ्याच वर्षीं क्षयानें त्यांचा अंत झाला. आनंदीबाईंना जें कार्य करण्यास काळानें अवसर दिला नाहीं, तें रखमाबाईंच्या हातून घडावयाचें होतें.

लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून व परीक्षा उतरून रखमाबाई परत आल्या, आणि १८९५ च्या सुमारास सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत रुजू झाल्या. पण रुग्णालय उघडलें म्हणून रोगी थोडेच येतात! दवाखान्यांत बाळंत होणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण, अशी बायकांची ठाम समजूत. तेव्हां रखमाबाईंनीं एक गाभण शेळी आणून तिला रुग्णालयांतच विऊं दिलें, आणि शेळी व करडूं दोन्हीं सुखरूप आहेत हें बायकांस प्रत्यक्ष दाखविलें, असें सांगतात. उपदेशानें न गेलेली भीति एका मुक्या जनावरानें घालविली! पुढें प्लेगची भयंकर सांथ आली, तेव्हांही त्या रुग्णसेवेस अंतरल्या नाहींत.

सुरतेस वीस वर्षांहून अधिक सेवा झाल्यावर सरकारी स्त्री-वैद्यक खात्यांतील जागा त्यांस देऊं करण्यांत आली. ती नाकारून त्या राजकोट संस्थानच्या जनाना रुग्णालयांत गेल्या, व वार्धक्यांत निवृत्त होईपर्यंत तेथेंच राबल्या. निवृत्तीच्या सुमारास पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनीं लेख लिहिला. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांचें मुंबईस देहावसान झालें.

रखमाबाईंच्या काळचा कापडी पडदा पुष्कळ अंशीं गेला. लाजेचा व उपेक्षेचा पडदा मात्र अजून लोंबतो आहे. उदाहरणादाखल एकच गोष्ट सांगतों. पंचेचाळीशी-पन्नाशीच्या सुमारास प्रत्येक स्त्रीचा ऋतु निवृत्त होतो. हा कांहीं रोग नव्हे. तो सृष्टिनियमच आहे. परंतु त्या काळांत अंगाची एकाएकीं लाही होणें, घाम सुटणें, झोंप न लागणें, मन उदास होणें, हाडें ठिसूळ होत जाणें, असे त्रास अनेकींस होतात व त्यांवर उपायही आहेत. आपल्या देशांत हा पालट पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षां कांहीं वर्षें आधींच, बहुधा सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षीं, होतो. तरी त्याविषयीं घरांत चकार शब्द निघत नाहीं. अमेरिकेंत १९९६ सालापासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांचें वर्षानुवर्षें निरीक्षण करण्यांत आलें. त्यांत असें दिसलें कीं, अंगाची लाही होण्याचा त्रास गोऱ्या स्त्रियांस सरासरीनें साडेसहा वर्षें, तर कृष्णवर्णी स्त्रियांस दहा वर्षें पुरला. आणि औषधोपचार मात्र कृष्णवर्णी स्त्रियांच्याच वांट्यास कमी येतात, असें तेथील तज्ज्ञांस आढळलें आहे. जिचा त्रास अधिक तिचीच दाद कमी! सातासमुद्रापलीकडील ही कथा आमच्या माजघरांतील कथेहून कितीशी निराळी आहे?

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकीं सर्वच कांहीं डॉक्टर होणार नाहीं. परंतु रोग्याचें म्हणणें रोग्याच्याच तोंडून ऐकून घ्यावें, हा रखमाबाईंच्या चरित्राचा बोध आचरणांत आणण्यास पदवी लागत नाहीं. आज घरीं गेल्यावर आईजवळ अथवा आजीजवळ घटकाभर बसा, आणि तिची प्रकृति कशी आहे हें आस्थेनें विचारा. कांहीं होत नाहीं असें ती प्रथम म्हणेल. तेवढ्यानें उठूं नका. आणि पालकांस आमची नम्र विनंती अशी कीं, तिच्या औषधपाण्याचा खर्च हा घरखर्चांतील शेवटचा आंकडा न समजतां पहिला समजावा. रखमाबाईंचें याहून चांगलें स्मारक आम्हांस तरी सुचत नाहीं.