गुलाम म्हणून विकला गेला, जुन्नरमधून निजामशाही चालवली आणि मुघलांना पाव शतक झुंजवलं : मलिक अंबरची गोष्ट

शिवनेरी म्हटलं की डोळ्यांसमोर शिवजन्माचा पाळणा येतो. पण शिवरायांचा जन्म होण्याच्या साधारण वीस वर्षं आधी याच शिवनेरीच्या पायथ्याचं जुन्नर एका राज्याची राजधानी होतं. त्या राज्याचा सुलतान नावापुरता होता. खरा कारभार पाहणारा माणूस जन्मला होता हजारो मैल लांब, आफ्रिकेतल्या इथिओपियात. बाजारात अनेकदा विकला गेलेला हा माणूस म्हणजे मलिक अंबर.

दिल्लीच्या बादशहाला त्याने इतकं हैराण केलं की बादशहाने त्याला निदान चित्रात तरी मारून घेतलं. ते चित्र आजही आहे. पण त्याकडे नंतर येऊ. आधी हा माणूस जुन्नरपर्यंत पोहोचला कसा, ते बघू.

चापू ते अंबर

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारासचा. घरचं नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. तांबड्या समुद्रापलीकडच्या मोखा बंदरात त्याची विक्री झाली, तिथून तो बगदादला गेला. तिथे मीर कासीम नावाच्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवलं. ‘अंबर’ हे नावही त्यानेच दिलं. पुढे आयुष्यभर कामी आलेलं कारभाराचं शिक्षण त्याला मिळालं ते असं, गुलामीत.

१५७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबर पुन्हा विकला गेला. या वेळी त्याला विकत घेतलं अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. नावावरून मंगोल वाटला तरी हा चंगीझखान स्वतः हबशीच होता आणि तोही गुलामीतूनच वर आला होता. त्याच्या पदरी शेकडो हबशी होते.

त्या काळी दख्खनच्या सुलतानांना असे हबशी सैनिक हवे असायचे. कारण सोपं होतं. दरबारात स्थानिक दख्खनी आणि इराणकडून आलेले परदेशी सरदार यांच्यात सतत रस्सीखेच चालायची. हबशी शिपायाला इथे ना भाऊबंद, ना वतन. म्हणून त्याची निष्ठा फक्त मालकाशी राहील, असा हिशेब होता. शिवाय इथली गुलामी पिढ्यान्‌पिढ्या चालेलच असं नव्हतं. मालक गेला की गुलाम बऱ्याचदा मोकळा व्हायचा आणि तलवारीच्या जोरावर वरही चढायचा.

चंगीझखानाचा मृत्यू झाला आणि अंबर मोकळा झाला. मग वीसेक वर्षं त्याने दख्खनमध्ये इथे-तिथे चाकरी केली. विजापूरच्या आदिलशाहीतही तो काही काळ होता. तिथून तो निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे दीडशेच्या आसपास घोडेस्वार होते.

राजधानी पडली, पण राज्य संपलं नाही

अंबर परतला तेव्हा निजामशाहीत गादीवरून भांडण पेटलं होतं. बहादूर नावाच्या छोट्या वारसाला एका गटाने जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत टाकलं होतं. चांदबीबीने त्याचा हक्क उचलून धरला आणि अकबराच्या फौजांपासून अहमदनगरचा किल्ला लढवला. पण १६०० साली चांदबीबी आपल्याच लोकांकडून मारली गेली, किल्ला पडला आणि बहादूरला मुघलांनी ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं.

आता निजामशाही संपली असंच कुणालाही वाटलं असतं. राजधानी नाही, राजा नाही. अंबरने यावर उपाय काढला. राजघराण्यातल्या एका मुलाला त्याने परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं, दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून. आपली मुलगी त्याला दिली. शिक्का राजाचा, कारभार अंबरचा.

त्याच वेळी राजू दख्खनी नावाचा दुसरा सरदारही निजामशाहीच्या मोठ्या मुलखावर ताबा सांगत होता. काही वर्षं एकीकडे मुघल आणि दुसरीकडे राजू, अशा दोन आघाड्या अंबरने सांभाळल्या. शेवटी त्याने राजूला पकडलं आणि १६०७ च्या सुमारास राजधानी हलवली जुन्नरला.

जुन्नरच का?

नकाशा बघितला की उत्तर मिळतं. मुघलांचा दख्खनमधला मोठा तळ होता तापीकाठी, बुऱ्हाणपूरला. तिथून निघालेल्या फौजेला जुन्नर गाठायचं तर लांबचा आणि अवघड पल्ला मारावा लागायचा. जुन्नरभोवती शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे किल्ले होते. दक्षिणेला आंबेगावचं घोड नदीचं खोरं आणि भीमाशंकरचं दाट जंगल. पश्चिमेला नाणेघाट, म्हणजे सातवाहनांच्या काळापासूनची कोकणात उतरायची वाट. या वाटेने कल्याणसारख्या बंदरांशी संबंध ठेवता यायचा.

जुन्नर निजामशाहीला नवीनही नव्हतं. या घराण्याचा संस्थापक मलिक अहमद याने आपली सत्ता उभी केली ती जुन्नरमधूनच. अहमदनगर शहर त्याने नंतर वसवलं. म्हणजे अडचणीत सापडलेलं राज्य अंबरने त्याच्या मूळ घरी आणून ठेवलं होतं.

तीनेक वर्षं जुन्नर राजधानी राहिलं. या तळावरून अंबरने फौज बांधली आणि १६१० पर्यंत अहमदनगरचा किल्ला मुघलांकडून परत घेतला. मग राजधानी दौलताबादला गेली. जवळच्या खडकी गावी अंबरने नवं शहर वसवलं आणि डोंगरातलं पाणी खापरी नळांनी शहरात आणलं. ही पाणीयोजना ‘नहर-ए-अंबरी’ म्हणून ओळखली जाते. खडकीचं पुढे फतेहनगर झालं, मग औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

मोठ्या फौजेशी लढायचं कसं?

मुघलांकडे तोफा होत्या, हत्ती होते, पैसा होता. मैदानात समोरासमोर भिडलं तर पराभव ठरलेला, हे अंबरला कळत होतं. म्हणून त्याने भर दिला बारगीरगिरीवर. हलके, चपळ घोडेस्वार शत्रूच्या मागावर राहायचे, रसद तोडायचे, रात्री छापे घालायचे आणि मोठी फौज वळेपर्यंत डोंगरात गायब व्हायचे.

हे स्वार बहुतेक मराठे होते. अंबरच्या सैन्यात हबशांपेक्षा दख्खनी लोकांचा, त्यातही मराठ्यांचा भरणा खूप मोठा होता. शहाजीराजे भोसले तरुणपणी याच फौजेत लढले. गनिमी कावा अंबरने शोधला असं म्हणणं बरोबर होणार नाही. या डोंगरातली माणसं आधीपासून असंच लढत आली होती. पण ही पद्धत एका राज्याच्या संरक्षणाची मुख्य नीती म्हणून इतकी वर्षं सलग वापरणारा तो पहिला मोठा सेनापती होता.

अंबर प्रत्येक वेळी जिंकला असंही नाही. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला मुघलांनी त्याला हरवलं आणि खडकी उद्ध्वस्त केली. पुढच्याच वर्षी शहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, याच्याशी तह करून अंबरला मुलूख सोडावा लागला. पण मुघल फौजेची पाठ वळली की तो पुन्हा उभा राहायचा.

त्याची सर्वात गाजलेली लढाई म्हणजे १६२४ ची भातवडी. अहमदनगरजवळच्या या गावी मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्याच्यावर एकत्र चालून आल्या होत्या. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती चिखल झाला, रसद अडकली, रात्रीचे छापे सुरू झाले आणि दोन बलाढ्य फौजांचा पुरता धुव्वा उडाला. अंबरचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होतं. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी कामी आले. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या युद्धाचं वर्णन आहे.

बादशहाचा बाण

आता त्या चित्राकडे. १६१६ च्या सुमारास जहांगीरचा लाडका चित्रकार अबुल हसन याने ते काढलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. समोर भाल्याच्या टोकावर अंबरचं कापलेलं मुंडकं आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे.

प्रत्यक्षात असं काही कधीच घडलं नाही. जहांगीर आणि अंबर रणात समोरासमोर आलेच नाहीत आणि अंबर शेवटपर्यंत मुघलांच्या हाती लागला नाही. जहांगीरच्या आत्मचरित्रातही अंबरचं नाव येतं ते बहुतेक वेळा शिवीसोबतच. हे चित्र सध्या आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे.

गंमत म्हणजे अंबरच्या मृत्यूनंतर जहांगीरच्याच दरबारातल्या मुतमदखान या इतिहासकाराने त्याची मोकळ्या मनाने स्तुती केली. युद्धात आणि कारभारात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता, आणि गुलामीतून इतक्या उंचीवर पोहोचलेला दुसरा हबशी इतिहासात सापडत नाही, असा त्याचा आशय आहे.

काळी बाजूही होती

अंबर संत नव्हता. ज्या मुर्तझाला त्याने गादीवर बसवलं, त्याच्याशी पुढे त्याचं बिनसलं. १६१७ मध्ये पीटर फान डेन ब्रूके हा डच व्यापारी अंबरच्या छावणीत जाऊन त्याला भेटला होता. त्याने लिहून ठेवलेली हकीकत अशी : सुलतानाच्या इराणी वंशाच्या बेगमेने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं. मुलीने ते बापाला सांगितलं आणि अंबरने सुलतान व बेगम दोघांनाही विष देऊन संपवलं. त्यानंतर सुलतानाच्या लहान मुलाला गादीवर बसवण्यात आलं. सत्तेच्या शिखरावर पोहोचल्यावरही जुना शब्द किती खोल लागू शकतो, ते या हकीकतीतून दिसतं. आणि त्याची किंमत दोन जीवांनी मोजली, हेही.

गावच्या कागदांत राहिलेला अंबर

मे १६२६ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षाच्या आसपास अंबरचा मृत्यू झाला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुलगा फत्तेखान याला बापाचा वारसा पेलला नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांकडे गेलं.

पण अंबरची युक्ती अजून जिवंत होती. शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला एक छोटा मुलगा शोधून त्याला पेमगिरीवर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं मुघलांशी झुंज दिली. १६३६ च्या तहात जुन्नर, जीवधन, चावंड, हडसर हे किल्ले मुघलांना द्यावे लागले तेव्हा निजामशाही खऱ्या अर्थाने संपली. त्या वेळी शिवराय सहा वर्षांचे होते.

अंबरचं आणखी एक काम लढायांपेक्षा जास्त टिकलं. त्याने महसुलाचा मक्ता द्यायची पद्धत मोडीत काढली. जमिनीची प्रत आणि पीक बघून सारा ठरवला, वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर टाकली आणि मिरासदारांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. ‘मलिकंबरी’ पद्धत म्हणून ती पुढेही ओळखली गेली. वतन-इनामाच्या जुन्या मराठी कागदांत एखादा हक्क किती जुना आहे हे सांगताना मलिकंबरच्या कारकिर्दीचा दाखला दिलेला सापडतो.

पडद्यावर का नाही?

मराठी सिनेमाला योद्ध्यांचं वेड पहिल्यापासून आहे. बाबुराव पेंटर यांचा ‘सिंहगड’ हा मूकपट १९२३ चा. भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ १९५२ चा. अलीकडे ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ आले. या चित्रपटांना राजा लागतो, घराणं लागतं, आजही अभिमानाने नाव सांगणारे वारस लागतात. अंबरकडे यातलं काहीच नव्हतं. त्याचं घराणं राज्यावर राहिलं नाही, त्याचं राज्यही उरलं नाही. त्यामुळे शहाजीराजांच्या आणि चांदबीबीच्या गोष्टीत तो येतो, पण त्याची स्वतःची गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

जुन्नर शहराजवळ हापुसबाग नावाचा भाग आहे. हे नाव ‘हबशी बाग’वरून आलं असं मानलं जातं. तिथे उभ्या असलेल्या भव्य घुमटाला कुणी सौदागर घुमट म्हणतं, कुणी हबशी घुमट. शिवनेरीला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोडे तिकडे वळतात. पुढच्या वेळी शिवनेरीवर गेलात तर उतरताना तिथेही जरूर जा. शिवरायांच्या आधी या मुलखाने दिल्लीशी कशी टक्कर घेतली होती, त्याची आठवण करून देणारं नाव तिथे अजून टिकून आहे.