थोर शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर

आटगावला मामाकडे गेलो की मी स्टेशनवर गाड्या बघायला जातो. न थांबणारी मेल भोंगा वाजवत येते तेव्हा आवाज चढा लागतो. पुढून निघून गेली की तोच आवाज एकदम उतरतो. भोंगा तर एकच! मग असं का? हे कोडं डॉप्लर यांनी सोडवलं.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या ऑस्ट्रिया देशातील साल्झबर्ग येथे झाला. घराणे पाथरवटाचे. पण त्यांची तब्येत नाजूक, दगडाचं काम झेपेना. म्हणून ते शिकले. गणितात ते फार हुशार होते. तरी त्यांना कायमची नोकरी मिळेना. काही दिवस त्यांनी सूतगिरणीत कारकुनी केली. १८३५ साली कंटाळून अमेरिकेला जायचं ठरवलं, सामानसुद्धा विकलं. तेवढ्यात प्राग शहरात शिक्षकाची नोकरी मिळाली.

१८४२ साली प्रागमध्ये त्यांनी आपला शोध विद्वानांपुढे मांडला. आवाज करणारी वस्तू जवळ येत असली की आवाजाच्या लाटा दाटीने येतात, म्हणून तो चढा लागतो. लांब जाताना लाटा विरळ होतात, म्हणून तो उतरतो. १८४५ साली नेदरलँड्समध्ये बाइस बॅलट यांनी याची परीक्षा घेतली. आगगाडीत तुतारी वाजवणारे बसवले आणि रुळाशेजारी गाण्याचे जाणकार उभे केले. डॉप्लर यांचे म्हणणे खरे निघाले. ताऱ्यांच्या रंगाबद्दलचा त्यांचा अंदाज मात्र चुकला होता. पण नियम बरोबर होता.

पुढे ते व्हिएन्नाला प्राध्यापक झाले. छातीच्या रोगाने १७ मार्च १८५३ रोजी व्हेनिस येथे ते वारले. वय फक्त ४९ वर्षे.

आज त्यांच्या नियमावर पाण्याचा वेग मोजतात. यंत्र पाण्यात आवाज सोडते. तो आपल्याला ऐकू येत नाही. पाण्याबरोबर वाहणाऱ्या गाळाच्या कणांवर आपटून तो परत येतो. किती चढला किंवा उतरला यावरून वेग कळतो. काही यंत्रांत पाण्याचा दाब मोजायची सोयही असते. विहिरीत खोल बुडी मारली की कान दडपतात ना, तोच दाब. जितकं खोल तितका दाब जास्त, म्हणून त्यावरून खोली समजते.

मागच्या आषाढात आवणीवरून येताना माझे बाबा ओहोळात उतरले. पाणी गुडघ्याएवढंच होतं, पण पाय सुटला. करंजाची मुळी हाताला लागली म्हणून ते वाचले. आई अजून ते आठवून रडते. गुरुजींनी सांगितले की पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. डोळ्यांना खोली दिसते, जोर दिसत नाही.

आपल्या तालुक्यात भातसा धरण आहे. मुरबाडकडे काळू नदी आहे. पावसाळ्यात पाण्याला कधी कमी समजू नका. आणि डॉप्लर यांच्यासारखं, तब्येत साथ देत नसली तरी शिकणं सोडू नका.

— इयत्ता चौथीचा विद्यार्थी