बाबासाहेबांची विद्यार्थिदशेतील बिऱ्हाडे

विद्येसाठी देशांतर करणाऱ्या पुरुषांच्या चरित्रांत त्यांचे ग्रंथ, त्यांचे गुरू आणि त्यांच्या पदव्या यांची नोंद आवर्जून केलेली आढळते. ते कोठे राहिले, काय जेवले, रात्री कोणत्या दिव्याखाली वाचीत बसले, याकडे मात्र चरित्रकारांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक परक्या मुलुखात गेलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ग्रंथांचा नव्हे, तर बिऱ्हाडाचा. हा प्रश्न सुटल्यावाचून अभ्यासाला आरंभच होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्याचा एक मूळ झरा हाती लागतो.

भीमरावांचा जन्म इंदूरनजीकच्या महू येथील लष्करी छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी झाला. वडील सुभेदार रामजी सेवानिवृत्त झाल्यावर कुटुंब दापोली व सातारा करीत अखेर मुंबईस आले आणि परळच्या गिरणगावातील एका चाळीत राहू लागले. एकच खोली, तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा आणि तीच अभ्यासिका. मुलाने लवकर निजावे आणि चाळीतील गलबला थांबल्यावर, पहाटे दोनच्या सुमारास उठून अभ्यासास बसावे, अशी व्यवस्था वडिलांनी लावून दिली होती. जागेची उणीव त्या पित्याने अशा रीतीने वेळेने भरून काढली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिल्यामुळे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए.ची परीक्षाही उत्तीर्ण झाले.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. परंतु थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीस, वडील निवर्तले. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे ठरविले. त्यांत भीमरावांची निवड झाली. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळावयाची आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करावयाची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांचा पहिला मुक्काम झाला. तेथील अन्न त्यांना मानवेना. ते नीट शिजविलेले नसे आणि त्यात गोमांसाचे पदार्थ फार असत. म्हणून सुमारे आठवडाभरातच त्यांनी आपले सामान पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये हलविले. तेथे काही भारतीय विद्यार्थी राहत असत. काही महिन्यांनी ते लिव्हिंग्स्टन हॉल या दुसऱ्या वसतिगृहात गेले. तेथे नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. एका छपराखाली जुळलेला हा स्नेह जन्मभर टिकला आणि पुढे अडचणीच्या काळी भीमरावांच्या उपयोगी पडला.

थोड्या अवधीत झालेली ही स्थलांतरे वरवर पाहता सामान्यच आहेत. नवख्या विद्यार्थ्याला अन्न रुचत नाही, सोबत हवीशी वाटते, म्हणून तो जागा बदलतो. परंतु भीमरावांच्या बाबतीत त्यांना निराळाच अर्थ होता. येथे जागा नाकारली जात होती ती कोणाकडून नव्हे. आवडीनिवडीप्रमाणे जागा सोडण्याचा व धरण्याचा अधिकार त्यांचा स्वतःचा होता. सातारच्या शाळेत ज्याला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, तो येथे इतरांच्या पंगतीला बसून जेवत होता. मन असे निर्वेध झाल्यावर त्यांनी अभ्यासात स्वतःला झोकून दिले. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरील त्यांचा निबंध डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात वाचला गेला. तुटपुंज्या शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवूनही जुन्या बाजारातील शेकडो ग्रंथ त्यांनी जमविले.

१९१६ साली ते लंडनला गेले. ग्रेज इन येथे कायद्याच्या आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या अभ्यासाला त्यांनी आरंभ केला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली हा अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे ग्रंथ ते जहाज बुडविले गेल्याने समुद्राच्या तळाशी गेले. त्या नुकसानीच्या भरपाईचे पैसे हाती आले, तेव्हा बडोद्यास जाण्याच्या खर्चाची सोय झाली.

सप्टेंबर १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यास आले. हे संस्थान त्या काळी शिक्षणात अग्रेसर गणले जाई. १९०६ पासून तेथे सक्तीचे प्राथमिक शिक्षण होते आणि महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलावून १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उभारण्याचे काम हाती घेतले होते. अशा नगरात या उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्यास राहण्यास खोली मिळेना. हिंदू खाणावळीत जात विचारली जाणार, हे उघड होते. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, या समजुतीने ते एका पारशी धर्मशाळेत गेले. ती केवळ पारशांसाठी होती. शेवटी नोंदवहीत पारशी नाव लिहावे आणि दररोज दीड रुपया द्यावा, या अटीवर रखवालदाराने त्यांना ठेवून घेतले. माडीवर एक लहान खोली, शेजारी मोडक्यातोडक्या सामानाने भरलेले अंधारे दालन, रात्री एक मिणमिणता कंदील आणि बोलण्यास दुसरे माणूस नाही, असे ते बिऱ्हाड होते. संस्थानचा बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. कचेरीतही विटाळाच्या भीतीने शिपाई कागद दुरून टाकीत.

अकराव्या दिवशी ते कचेरीस निघण्याच्या बेतात असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन माडीवर आले. संध्याकाळपर्यंत जागा खाली करावी, असे त्यांनी बजावले. आठ दिवसांची मुदत मागूनही मिळाली नाही. तेव्हा भीमराव दोघा स्नेह्यांकडे गेले. एक हिंदू होते. आपण आलात तर घरचे नोकर निघून जातील, अशी अडचण त्यांनी सांगितली. दुसरे ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले. पत्नीस विचारल्यावाचून निर्णय करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. दुपारी चारपासूनचा वेळ भीमरावांनी शहराच्या कडेच्या कामाठी बागेत बसून काढला आणि रात्री बडोदे सोडले. परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत याचा जवळजवळ विसर पडला होता. त्या दिवशी त्याची आठवण कायमची जागी झाली, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे न्याय्य होईल. धर्मशाळेतून बाहेर काढणारे पारशी होते, तसाच लिव्हिंग्स्टन हॉलमधील जिवलग सोबतीही पारशीच होता. दोष कोण्या एका समाजाचा नव्हता; साऱ्या देशात मुरलेल्या चालीचा होता.

मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. भथेनांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही साहाय्य केले आणि जुलै १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडनची वाट धरली. या खेपेस राहण्याची व्यवस्था अगदी काटकसरीची होती. सकाळी पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि कपभर चहा एवढ्यावर ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत वाचीत. रात्री खोलीवर परतल्यावर भूक अनावर झाली, तर एका ओळखीच्या गृहस्थाने दिलेले पापड भाजून खात आणि पुन्हा वाचू लागत. १९२१–२२ मध्ये त्यांचे बिऱ्हाड प्रिमरोझ हिल भागातील किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात होते. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरीची सनद आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास डी. एस्सी. ही पदवी, असे या खडतर वास्तव्याचे फलित आहे.

स्वदेशी परतल्यावर वकिलीचा जम बसण्यापूर्वीच, २० जुलै १९२४ रोजी, त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या पहिल्या कार्यांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूर येथे दलित विद्यार्थ्यांसाठी उघडलेले वसतिगृह होय. शाळा गावात होती, सरकारी नियमाने तिचे दारही उघडे होते. पण खेड्यातून आलेल्या मुलास त्या गावात राहण्यास कोणी जागा देत नसे. ही खरी अडचण कोठे आहे, हे बाबासाहेबांस पुस्तकात वाचावे लागले नव्हते. १९२८ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तीही माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठीच. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत मुंबईस सिद्धार्थ (१९४६) आणि औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद (१९५०) ही महाविद्यालये निघाली. दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःसाठी ‘राजगृह’ बांधले, तेव्हाही घरातील मोठी जागा त्यांनी ग्रंथसंग्रहाकडे दिली.

लंडनचे ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले. बडोद्याच्या त्या बागेतील स्थळ, सयाजीबागेतील संकल्पभूमी म्हणून, लोक श्रद्धेने पाहतात. दोन्ही स्मारके योग्यच आहेत. तथापि दूर गावाहून शिकण्यास आलेल्या मुलाला जात न विचारता जेथे खोली मिळते आणि रात्री दिवा लावून वाचता येते, असे प्रत्येक वसतिगृह व प्रत्येक अभ्यासिका हेही त्यांचेच स्मारक मानले पाहिजे. ते कोणत्याही गावास उभारता येण्यासारखे आहे.