कै. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख : एक चरित्र व एक प्रश्न

पापळ हे आपल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील एक लहानसे गाव. या गावी दि. 27 डिसेंबर 1898 रोजी शामराव व राधाबाई देशमुख या शेतकरी दांपत्याच्या पोटी पंजाबरावांचा जन्म झाला. पुढे सारा वऱ्हाड त्यांस भाऊसाहेब या नावाने ओळखू लागला. त्यांचे चरित्र आपल्या मुलाबाळांस शाळेत शिकविले जाते व त्यांच्या जयंतीस भाषणेही पुष्कळ होतात. परंतु त्या चरित्रातील एक प्रकरण वक्ते बहुधा घाईने उरकतात. भाऊसाहेब प्रारंभी काँग्रेसचे नव्हते. इतकेच नव्हे, तर काँग्रेस ज्या वाटेने चालली होती, तिच्या उलट वाटेने ते काही काळ चालले. पुढे त्याच काँग्रेसने त्यांस आपलेसे केले. विरुद्ध पक्षातून आलेल्या माणसास चळवळीने जवळ करावे की न करावे, हा प्रश्न आज घरोघरी व पारावर चर्चिला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास हे चरित्र आम्हांस फार उपयोगी वाटते. म्हणून या स्मरणिकेत ते त्या दृष्टीने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पंजाबरावांचे प्राथमिक शिक्षण पापळ येथे झाले. पुढील शिक्षणासाठी चांदूर रेल्वे, कारंजा व अमरावती अशी गावे त्यांस बदलावी लागली. त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ काढून 1920 साली ते विलायतेस गेले. मुलाच्या शिक्षणापायी वडिलांनी शेतीवर कर्जाचा बोजा घेतला. एडिंबरो येथे त्यांनी एम. ए. केले, ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरची पदवी मिळविली व बॅरिस्टरही झाले. कुणब्याच्या मुलाने वेदांचा अभ्यास करावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

1926 साली ते स्वदेशी परतले. वकिलीवर पैसा मिळवून स्वस्थ बसण्याचा मार्ग त्यांस मोकळा होता, पण त्यांनी तो धरला नाही. त्याच वर्षी अमरावतीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. घरोघरून मूठमूठ धान्य जमवून हे छात्रालय चाले. 1927 साली त्यांनी शेतकरी संघ स्थापिला व महाराष्ट्र केसरी हे पत्र चालविले. त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली आणि नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. भाऊसाहेबांचा त्या मागणीस पाठिंबा होता. याच साली विमलाबाईंशी त्यांचा विवाह झाला, तोही आंतरजातीय. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट झाकून ठेवावी, असे आम्हांस मुळीच वाटत नाही. 1928 साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या आणि शिक्षणासाठी कर वाढविण्याचे अप्रिय कामही केले.

आता आम्ही त्या घाईने उरकल्या जाणाऱ्या प्रकरणाकडे वळतो. 1930 हे साल सविनय कायदेभंगाचे. अकोला जिल्ह्यात दहिहांडा येथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला. वऱ्हाडातील तरुण तुरुंगात जात होते. काँग्रेसने कौन्सिलच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. अशा वेळी भाऊसाहेब निवडणुकीस उभे राहिले, निवडून आले व इंग्रज गव्हर्नरच्या हाताखाली मध्य प्रांत व वऱ्हाडचे मंत्री झाले. शिक्षण, शेती व सहकार ही खाती त्यांजकडे आली. ज्याचा भाऊ वा मुलगा तुरुंगात होता, त्या घरात याविषयी काय वाटले असेल, हे निराळे सांगणे नको.

भाऊसाहेबांचा विचार मात्र निराळा होता. ब्राह्मणेतर चळवळीच्या पुष्कळ पुढाऱ्यांप्रमाणे त्यांसही वाटे, की शेतकऱ्याच्या मानेवरील सावकाराचा फास व त्याच्या घरातील अज्ञान स्वराज्य येईतो थांबणार नाहीत. हाती येईल तेवढी सत्ता घेऊन ती त्याच्या कामी लावावी. 1932 साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्तीचे बिल आणले. देवस्थानांचे धन लोकांच्या शिक्षणास उपयोगी पडावे, असा त्याचा रोख होता. त्यास प्रखर विरोध झाला. 1933 साली कर्ज लवादाचा कायदा झाला व कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यास सावकाराशी तडजोड करण्याची वाट मिळाली. त्याच साली त्यांनी मंत्रिपद सोडले. 1931-32 मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला होता. त्या संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून विदर्भातील किती पिढ्या शिकून निघाल्या, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

काळ पालटला. 1946 साली निवडल्या गेलेल्या संविधान सभेत भाऊसाहेब मध्य प्रांत व वऱ्हाडातर्फे बसले. 1952, 1957 व 1962 या तिन्ही निवडणुकांत ते काँग्रेसचे उमेदवार म्हणून अमरावती भागातून लोकसभेवर निवडून गेले आणि 1952 ते 1962 या काळात केंद्र सरकारात कृषिखात्याचे मंत्री होते. ज्यांनी तुरुंग भोगला, त्यांच्याच पक्षात गव्हर्नरच्या मंत्र्यास मानाचे पान मिळाले. हे योग्य झाले काय?

आक्षेपकांचे म्हणणे आम्ही हलके लेखीत नाही. सत्ता काँग्रेसकडे गेली तेव्हाच हे आले, असे ते म्हणतील. दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तो खुद्द त्यांच्या जुन्या बाजूकडून आला. 1950 साली अखिल भारतीय मागासवर्गीय महासंघ निघाला व भाऊसाहेब त्याचे अध्यक्ष झाले. पुढे त्या महासंघात फूट पडली. काँग्रेसशी असलेली जवळीक हे तिचे एक कारण होते. म्हणजे ज्या घरात गेले तेथे उशिरा आल्याचा ठपका, व जे घर सोडले तेथे दूर गेल्याचा! पक्ष बदलणाऱ्या प्रामाणिक माणसाच्या वाट्यासही हे दुहेरी माप येते.

या दोन्ही आक्षेपांस उत्तर भाऊसाहेबांच्या कामात मिळते. 1926 चे छात्रालय, 1928 च्या विहिरी व 1933 चा कर्ज लवाद ही कामे काँग्रेसबाहेरची. संविधान सभेत मागासलेल्या वर्गांस सरकारी नोकऱ्यांत योग्य वाटा मिळावा म्हणून केलेला आग्रह, 1955 साली स्थापिलेला भारत कृषक समाज व 1959-60 चे दिल्लीतील जागतिक कृषी प्रदर्शन ही कामे नंतरची. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या तर मधली रेघ कोठे ओढावी, हे कळत नाही. पक्ष पालटला, शेतकरी व त्याचे शिक्षण हे कार्य पालटले नाही. मंत्रिपदाचीच हाव असती तर ते पद त्यांस 1930 सालीच मिळालेले होते.

काँग्रेसनेही येथे मोठेपणा दाखविला, तसा शहाणपणाही. जो पक्ष शेटजी-भटजींचा म्हणून हिणविला जाई, त्यास खेड्यातील शेतकरी जवळ करावयाचा होता. पुण्याचे केशवराव जेधे हे ब्राह्मणेतर चळवळीचे कडवे पुढारी. तेही काँग्रेसमध्ये आले व तिचे मोठे पुढारी झाले. 1947 साली पहिल्या मंत्रिमंडळात डॉ. आंबेडकरांस बोलाविले गेले, ते काँग्रेसशी जन्मभर झगडलेले असताना. इतिहासात मागे गेले तर 1676 साली छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांकडून परतलेल्या नेताजी पालकरांस शुद्ध करून पुन्हा पदरी घेतले. स्वराज्य उभारणाऱ्याने दार लावून घेतल्याचे आम्हांस दिसत नाही.

मात्र दार उघडे ठेवणे व बाजार मांडणे यांत फरक आहे. आजच्या पक्षांतरांनी लोकांस वीट आणला आहे. 1985 साली त्याविरुद्ध कायदा झाला, पण तो आमदार-खासदारांपुरता. गावातील व ज्ञातीतील माणसाची पारख समाजानेच करावयाची असते. आमच्या मते त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात. येणारा आपले जुने काम बरोबर घेऊन आला आहे काय, ही एक. आणि घेणाऱ्याने नुसता माणूस घेतला की त्याचे गाऱ्हाणेही आपले मानले, ही दुसरी. माणूस घेऊन गाऱ्हाणे दाराबाहेर ठेवले, तर ते स्वागत नव्हे, खरेदी होय. या दोन गोष्टी जुळत असतील, तर त्याने आपल्या मागल्या आयुष्याची लाज बाळगावी, नाक घासावे, असा हट्ट धरू नये. भाऊसाहेबांकडून कोणी असे नाक घासून घेतले असते, तर देश एका कृषिमंत्र्यास मुकला असता.

निवडणुकीत दुसऱ्या बाजूस गेला म्हणून सख्ख्या भावाच्या घरचे लग्न टाळणारी कुटुंबे आपल्याही समाजात आहेत. तो परतला तरी बैठकीत त्यास कोपऱ्यात बसविले जाते. अशा कुटुंबांनी हे चरित्र एकदा शांतपणे वाचावे, एवढीच आमची विनंती आहे.

दि. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्ली येथे भाऊसाहेबांचे देहावसान झाले. 1969 साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ त्यांचे नाव धारण करून आहे. त्यांच्या पवित्र स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.