मीर सुलतान खान

मीर सुलतान खान (मृत्यू : २५ एप्रिल १९६६) हे अविभाजित भारतातील पंजाब प्रांताचे बुद्धिबळपटू होते. युरोपातील त्यांची कारकीर्द १९२९ ते १९३३ इतकीच; मात्र तेवढ्या काळात त्यांनी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले.

त्यांचा जन्म मिठा टिवाणा येथे झाला. बालपणी वडिलांकडून ते देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले. या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरकते आणि युरोपीय किल्लेकोट नसतो. जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना आश्रय देऊन युरोपीय नियम शिकवण्याची व्यवस्था केली. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते ठरले व पुढील वर्षी आश्रयदात्यासह लंडनला गेले. पाश्चात्त्य लेखनात त्यांचा उल्लेख सर्रास ‘नोकर’ असा होतो; कुटुंबीयांना तो मान्य नाही.

प्रारंभीच्या खेळ्यांचे ग्रंथोक्त ज्ञान त्यांना बेताचेच होते. त्यामुळे डावाच्या आरंभी ते अनेकदा अडचणीत येत; पण पटावरील मोहरी कमी होऊ लागली की त्यांची चिकाटी प्रतिस्पर्ध्याला भारी पडे. १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ते ब्रिटिश विजेते झाले. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. हा त्यांचा सर्वांत गाजलेला विजय होय. १९३१ मध्ये टार्टाकोवर यांच्याविरुद्धची लढत त्यांनी साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकली. त्याच वर्षी प्राग ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना त्यांनी फ्लोर व रुबिनस्टाइन यांना पराभूत केले आणि तत्कालीन जगज्जेते अलेखाइन यांना बरोबरीत रोखले. त्याच आश्रयदात्याच्या परिवारातील फातिमा यांनी १९३३ चे ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले, ही बाबही उल्लेखनीय आहे.

१९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले आणि सुलतान खान यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली. पराभवांनी नव्हे, तर परावलंबनाने ती संपवली, असे म्हणावे लागते. १९३५ मध्ये वि. का. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांच्या लढतीत त्यांनी केवळ एक डाव बरोबरीत सोडला, उरलेले सर्व जिंकले. त्यानंतर ते स्पर्धांपासून दूर झाले. फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहिले व सरगोधा येथे त्यांचे निधन झाले.

१९५० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने प्रथमच अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले. पूर्वीच्या कामगिरीसाठी काही निवृत्त खेळाडूंचाही त्यात समावेश होता. सुलतान खान हयात असूनही वगळले गेले. महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब २०२४ मध्ये मरणोत्तर दिला.