देहांतील रक्षकांचा शोधक : एली मेचनिकॉफ

बोटांत कांटा मोडला कीं ती जागा लाल होते, सुजते आणि कधीं कधीं तींत पू धरतो. पू म्हणजे केवळ घाण, अशीच बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः तो जंतूंशीं झुंजतां झुंजतां पडलेल्या असंख्य शिपायांचा ढीग होय. या शिपायांची ओळख ज्यांनीं जगास करून दिली, त्यांचें नांव एली मेचनिकॉफ.

त्यांचा जन्म १८४५ सालीं तत्कालीन रशियन साम्राज्यांतील खारकोव्ह शहरानजीक झाला. तेथील विश्वविद्यालयाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनीं दोनच वर्षांत संपविला. बुद्धि अशी तल्लख, परंतु संसारसुख अल्प. त्यांची प्रथम पत्नी क्षयानें १८७३ सालीं निवर्तली. दुसरी पत्नी ओल्गा १८८० मध्यें विषमज्वरांतून कशीबशी वांचली. रोगापुढें मनुष्य किती हताश होतो, हें त्यांनीं स्वतःच्याच घरांत पाहिलें. या दुःखांत त्यांना स्वतःचें जीवितहि नकोसें झालें होतें.

१८८२ मध्यें ओडेसा येथील प्राध्यापकाची जागा सोडून ते सिसिली बेटांतील मेसिना येथें गेले. एके दिवशीं घरांतील मंडळी सर्कस पाहावयास गेली असतां ते एकटेच तारामाशाचीं चिमुकलीं पिलें सूक्ष्मदर्शकांतून पाहात बसले होते. हीं पिलें कांचेसारखीं पारदर्शक. त्यांच्या देहांत हिंडणाऱ्या पेशी स्पष्ट दिसत. या पेशी देहांत शिरलेल्या शत्रूवर धांवून जात असतील काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. लागलीच त्यांनीं बागेंतून गुलाबाचे कांटे आणून त्या पिलांच्या अंगांत टोंचले. रात्रभर त्यांस झोंप आली नाहीं. सकाळीं पाहतात तों प्रत्येक कांट्याभोंवतीं पेशींचा वेढा पडलेला !

मनुष्याच्या रक्तांतील पांढऱ्या पेशीहि जंतूंस गिळून टाकतात, असें त्यांनीं प्रतिपादिलें. या भक्षक पेशींचे त्यांनीं दोन वर्ग केले. लहान भक्षक जखमेकडे प्रथम धांव घेतात व लढतां लढतां मरतात. त्यांचाच पू होतो. मोठे भक्षक जंतूंस तर गिळतातच, शिवाय मेलेल्या पेशी उचलून रणभूमि स्वच्छ करितात.

हें मत सर्वांस पटलें नाहीं. १८९० मध्यें बेरिंग व किटासाटो यांनीं रक्तजलांतील विषनाशक द्रव्यें शोधून काढलीं. रक्षण या द्रव्यांनींच होतें, पेशींचें त्यांत विशेष कार्य नाहीं, असा पक्ष जर्मनींत प्रबळ झाला. मेचनिकॉफ १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत होते. तेथून ते वर्षानुवर्षें प्रयोगांनींच उत्तर देत राहिले. पुढें १९०३ मध्यें इंग्लंडांत राइट यांनीं दाखविलें कीं, रक्तजलांतील द्रव्यें जंतूंस चिकटलीं म्हणजे भक्षक पेशी त्यांस अधिक सहज गिळतात. दोन्ही पक्षांपाशीं अर्धें अर्धें सत्य होतें. १९०८ चें नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि प्रतिपक्षाचे एर्लिख या दोघांस मिळून देण्यांत आलें, हें यथायोग्यच झालें.

आज आपणांस ठाऊक आहे कीं, तीं द्रव्येंहि ‘बी’ नांवाच्या पांढऱ्या पेशींपासूनच उत्पन्न होतात. ‘टी’ पेशींपैकीं कांहीं बाधित पेशींचा नाश करितात, तर कांहीं इतरांस चेतवितात. यांतील कांहीं पेशी जुन्या शत्रूची ओळख वर्षानुवर्षें जतन करितात. लसीचें बळ तें हेंच. १८९७ मध्यें मुंबईंत प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोंचून घेणारे हाफकिन हे ओडेसा येथें मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते.

मेचनिकॉफ १९१६ मध्यें पॅरिस येथें निधन पावले. विद्यार्थिमित्रहो, ज्या रोगांनीं त्यांचें घर उजाड केलें, त्यांच्याशीं देह कसा झुंजतो हें शोधण्यांत त्यांनीं आपलें उर्वरित आयुष्य वेंचिलें. दुःखाचा याहून थोर उपयोग तो कोणता ?