वसईचा रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया
(शाळा सोडून जगांत पाऊल टाकणाऱ्या आपल्या मुलांसाठीं)

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या वर्षीं येथील कित्येक मुलें शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालीं. त्यांत माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगाहि आहे. निकालानंतर तो पेढे घेऊन आशीर्वादासाठीं माझ्याकडे आला, परंतु चेहरा उतरलेला होता. ज्या विद्यालयासाठीं त्यानें दोन वर्षें रात्रीचा दिवा जाळला, तेथील प्रवेशाच्या यादींत त्याचें नांव नव्हतें. मामानें दोन धीराचे शब्द सांगावे या आशेनें तो समोर बसून राहिला. उपदेश करणें हा आम्हां धर्मगुरूंचा नित्याचा व्यवसाय. पण त्या दिवशीं तो करावासा वाटेना. मग मीं त्याला आपल्या वसईच्याच एका मुलाची हकीकत सांगितली. स्मरणिकेच्या चालकांनीं लेख मागितला, तेव्हां तीच येथें लिहीत आहें.

गोन्सालोचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईस झाला. गुजरातच्या सुलतान बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली, त्याला तेव्हां वीस-बावीस वर्षेंच झालीं होतीं. पिता पोर्तुगीज व माता याच भूमींतली, असें चरित्रकार सांगतात. किल्ल्यांत येशूसंघाच्या धर्मगुरूंची शाळा होती. संत फ्रान्सिस झेविअर स्वतः वसईस येऊन गेले होते, आणि त्यांच्याच संघबंधूंच्या हाताखालीं हा मुलगा सुमारें आठ वर्षें शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा त्याच्यावर विशेष लोभ होता.

१५७२ सालीं, पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत, म्हणजे माझ्या भाच्याच्याच वयांत, तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला निघाला. झेविअर यांनीं १५४९ सालीं त्या देशीं सुवार्तेचें बीं पेरलें होतें. गोव्याहून मलाक्का, तेथून मकाव, आणि अनुकूल वारा मिळाल्यावर जपान, असा तो मार्ग. त्यांत वर्षाहून अधिक काळ मोडे. आजच्या आईबापांनीं क्षणभर विचार करावा, कीं त्या आईनें किल्ल्याच्या धक्क्यावरून मुलाला निरोप देतांना काय सोसलें असेल.

जपानी भाषा शिकण्यास परकीयांना फार कठीण. मोठमोठे विद्वान धर्मगुरु तिच्यापुढें हात टेकीत. या पोरानें मात्र ती बाजारांत, अंगणांत, मुलांच्या संगतींत राहून आपलीशी केली. सुमारें आठ वर्षें तो तेथें धर्मशिक्षक होता. या सर्व काळांत त्याच्या मनांत एकच इच्छा होती, ती ही कीं आपणास येशूसंघांत घ्यावें. त्यानें विनंती केली. ती मान्य झाली नाहीं. तो थांबला, पुढेंहि मान्य झाली नाहीं.

येथें मी संघाला दोष देत नाहीं. ज्यांना उमेदवार पारखावे लागतात त्यांचें काम किती अवघड असतें, हें मीं सेमिनरींत जवळून पाहिलें आहे. परंतु ज्याला दारांतून परत फिरावें लागतें त्याचेंहि दुःख खरें असतें, आणि पवित्र माणसाला तें कमी होतें असें समजण्याचें कारण नाहीं. लहानपणापासून ज्यांच्या छायेंत वाढलों, ज्यांच्यासाठीं घरदार व समुद्र मागें टाकले, त्यांनींच आपल्याला आपलें म्हणूं नये, हा घाव चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाला लहान नव्हे.

गोन्सालो संघाच्या घरांतून बाहेर पडला आणि व्यापारी झाला. पुष्कळ भाविक लेखक हीं वर्षें दोन ओळींत उरकून टाकतात, जणुं कांहीं संताच्या चरित्रांत हिशेबाची वही शोभत नाहीं! मला तर तीं मोलाचीं वाटतात. पूर्वेकडील बंदरांतून त्यानें सचोटीनें व्यापार केला, पैसा मिळविला, ओळखी जोडल्या. जपानी भाषा जिभेवर राहिली, ती या व्यवहारामुळेंच. कामानिमित्त तो मानिलास जात असे. तेथें फ्रान्सिस्कन बंधूंची दरिद्री राहणी त्याच्या दृष्टीस पडली, आणि जी हांक त्याला वाटलें कीं बंद झाली, ती दुसऱ्या दारांतून पुनः ऐकूं आली. भरभराटीचा व्यापार सोडून त्यानें संत फ्रान्सिसचा झगा अंगावर घेतला. पुरोहितपद नव्हे, पडेल तें काम करणारा साधा धर्मबंधु एवढेंच त्याचें स्थान.

१५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठविलें. हिदेयोशीनें १५८७ सालींच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. त्याच्यापुढें उभें राहून जपानींत बोलणारा कोणी हवा होता. ती भाषा आपल्या ब्रदर गोन्सालोला येत होती. ज्या वर्षांना तो वायां गेलेलीं समजला असेल, त्यांतली एकहि त्या दिवशीं वायां गेली नाहीं. परवानगी मिळाली, क्योतो शहरांत १५९४ सालीं लहानसें चर्च उभें राहिलें, आणि शेजारीं कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय. गोन्सालो दुभाष्याचें काम करी व उरल्या वेळांत रोग्यांची सेवा करी.

१५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे हें स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यावरील माल हिदेयोशीनें जप्त केला. मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचें सैन्य येतें, अशा अर्थाची बढाई गलबतावरील एकानें मारल्याचें सांगतात. खरें असो वा खोटें, संशयाला निमित्त पुरलें. डिसेंबरांत फ्रान्सिस्कन बंधूंना पकडण्यांत आलें. जानेवारी १५९७ मध्यें क्योतो येथें कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढली, आणि भर थंडींत त्यांना शेंकडों मैल दूर नागासाकीकडे चालविलें. निघतांना ते चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघेजण त्यांतच सामील केले गेले.

त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, बाकीचे वीस जपानी. त्यांत लुई नांवाचा बारा वर्षांचा मुलगा होता. धर्म सोडलास तर जीव वाचेल असें त्याला सांगून पाहिलें. त्यानें ऐकलें नाहीं. चौदा वर्षांच्या थॉमस कोझाकीनें, वडील शेजारीं चालत असतां, वाटेंतून आईला पत्र लिहिलें. तिनें शोक करूं नये आणि धाकट्या भावांच्या श्रद्धेला जपावें, एवढेंच त्याचें मागणें. पत्र वडिलांच्या देहापाशीं सांपडलें. मुलांनो, हे सारे तुमच्याहून वयानें लहान होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका रांगेंत उभे केले. दोरांनीं व लोखंडी कड्यांनीं बांधून, दोहों बाजूंनीं भाले खुपसून त्यांना ठार केलें. गोन्सालोचें वय तेव्हां चाळीस. त्या रांगेंत पॉल मिकी आणि त्याचे दोन सोबती असे येशूसंघाचे तिघेजण होते. ज्या संघानें त्याला घेतलें नाहीं, त्याचींच हीं माणसें त्याच टेकडीवर, त्याच सकाळीं, त्याच्यासारख्याच क्रूसावर होतीं. भाच्याला हें सांगतांना माझा आवाज किंचित् अडखळला, हें कबूल करतों.

१६२७ सालीं आठव्या उर्बान पोपमहाशयांनीं त्यांना धन्यवादित केलें आणि ८ जून १८६२ रोजीं नवव्या पायस पोपमहाशयांनीं संतपद दिलें. तोंवर इकडे वसई १७३९ सालीं मराठ्यांनीं जिंकली होती व किल्ल्यांतील वस्ती उठून गेली होती. गांसच्या चर्चला व वसईच्या महाविद्यालयाला आज त्याचें नांव आहे. किल्ल्यांत, जेथें तो पहिलीं अक्षरें शिकला, त्या येशूसंघाच्या चर्चचा दगडी दर्शनी भाग अजून उभा आहे. मागच्या रविवारीं मिस्सानंतर मी भाच्याला तेथें घेऊन गेलों. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. परत येतांना त्यानें सांगितलें, कीं दुसरा अर्ज त्यानें त्या संताच्या नांवाच्या महाविद्यालयांतच केला आहे.